ज्ञानेंद्रियांना फक्त बदल कळतो

ज्ञानेंद्रियांवर लिहायचं कधीचं डोक्यात होतं, पण दरवेळी वाटायचं की यात नवीन काय सांगणार, डोळे कान नाक जीभ त्वचा हे तर सगळ्यांना पाठ असतं. शाळेत आकृत्या काढलेल्या असतात, पारपटल, भिंग, दृष्टिपटल, हातोडी ऐरण रिकीब, नावं बरोबर आली की मार्क मिळतात आणि विषय तिथेच संपतो. पण या आकृत्यांमधून एक गोष्ट कायम निसटते आणि मला तर तीच सगळ्यात मोठी वाटते. आपलं काय किंवा प्राण्यांचं काय, कुठलंही इंद्रिय घ्या, जग कसं आहे हे सांगण्यात त्याला फारसा रस नसतो, आत्ता काय बदललं एवढंच ते मेंदूला कळवत असतं. डोळ्याला कॅमेरा म्हणतात ना, तिथेच सगळी गडबड सुरू होते. कॅमेरा स्टँडवर लावून ठेवला तर तो समोरच्या भिंतीचे दिवसभर तेच ते फोटो काढत बसेल. डोळा तसा पक्का स्थिर केला तर काही सेकंदांत भिंत दिसायची बंद होते. अक्षरशः बंद.

खरं वाटत नसेल तर एक प्रयोग घरी करता येतो, आणि मी तर म्हणेन वाचणं थांबवून आधी हा कराच. एक जाडसर कार्ड घ्या, त्याला टाचणीने बारीक भोक पाडा. एक डोळा मिटा, कार्ड दुसऱ्या डोळ्याच्या अगदी जवळ धरा आणि त्या भोकातून एखाद्या उजळ कोऱ्या गोष्टीकडे बघा, कॉम्प्युटरवर पांढरी रिकामी विंडो उघडली तरी चालतं (सूर्याकडे मात्र चुकूनही नको). आता कार्ड हलकेच गोल गोल फिरवायचं, एक-दोन मिलिमीटरच, पण जरा भरभर. सुरुवातीला काहीच दिसत नाही, मग हळूहळू त्या पांढऱ्यावर काळपट बारीक रेषा उमटायला लागतात, त्यांना फाटे फुटलेले, फाट्यांना अजून बारीक फाटे, आणि बरोबर मध्यभागी, जिथे आपली नजर असते तिथे, एक छोटी मोकळी जागा, तिच्यात एकही रेषा शिरत नाही. हात आडवा हलवला तर उभ्या रेषा ठळक होतात, उभा हलवला तर आडव्या. आणि हात थांबवला की दोन-चार सेकंदांत सगळं पुसून जातं.

त्या रेषा म्हणजे तुमच्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्या. आपल्या रेटिनाची, म्हणजे दृष्टिपटलाची, रचना अशी आहे की प्रकाश टिपणाऱ्या पेशी सगळ्यात मागच्या थरात आणि रक्तवाहिन्या त्यांच्या पुढे, म्हणजे आत येणारा प्रकाश आधी या जाळ्यातून जातो आणि जाळ्याची सावली पेशींवर पडते. (ऑक्टोपसच्या डोळ्यात उलटं आहे, प्रकाश टिपणाऱ्या पेशी पुढे आणि वायरिंग मागे, त्यामुळे त्याला आपल्यासारखा अंधबिंदूही नाही, म्हणजे वायरिंग बाहेर पडतं तिथली काहीच न दिसणारी जागा.) ही सावली जन्मापासून आपल्या नजरेत आहे, दिवसरात्र, आणि ती आपल्याला कधीच दिसत नाही, कारण ती जागची हलत नाही. टाचणीच्या भोकातून प्रकाश येतो तेव्हा तो एकाच बाजूने येतो, भोक हललं की सावली थोडीशी सरकते, आणि सरकली की लगेच दिसते. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. मधली मोकळी जागा म्हणजे फोव्हिया, आपली सगळ्यात तीक्ष्ण नजर जिथे असते ती जागा, तिथे रक्तवाहिन्याच नाहीत. आपल्याच डोळ्याच्या आतली रचना आपल्याला दिसते आणि तीही एका कार्डात, मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

मग साहजिकच प्रश्न येतो की एरवी आपण एकटक बघतो तेव्हा समोरचं सगळं गायब का होत नाही? कारण डोळे कधीच स्थिर नसतात. एखाद्या ठिपक्यावर नजर कितीही रोखा, डोळा बारीक थरथरत असतो, सावकाश एका बाजूला सरकतो आणि मग छोटासा झटका देऊन परत येतो, आणि हे सेकंदाला एक-दोनदा आपल्या नकळत चालू असतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी हे झटकेच निकामी करून बघितले. घट्ट बसणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सवर बारीकसा आरसा लावला, चित्राचा प्रकाश त्या आरशावरून यायचा, म्हणजे डोळा जेवढा हलेल तेवढंच चित्रही हलणार आणि रेटिनावरची त्याची जागा ढळणारच नाही. काही सेकंदांत चित्र फिकं पडायचं आणि नाहीसं व्हायचं, प्रकाश चालू, डोळा उघडा, आणि दिसत काही नाही. नजरेच्या कडेला तर हे आरशाशिवायही होतं, एका ठिपक्याकडे टक लावून बघत राहिलं की आजूबाजूचे फिकट रंग विरघळून जातात, ट्रॉक्सलर नावाच्या डॉक्टरने हे १८०४ मध्येच नोंदवलं होतं.

बेडकाच्या बाबतीत तर हे टोकाला गेलेलं आहे. तो बसलेला असताना आपल्यासारखी नजर फिरवत नाही, समोर काही हलेल याची वाट बघत बसतो. १९५९ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत लेटविन, मातुराना, मॅककलक आणि पिट्स यांनी बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नर्व्हमधल्या तंतूंचे सिग्नल ऐकले, तर त्यात असे तंतू सापडले की जे फक्त छोटी, गडद, हलणारी वस्तू नजरेत शिरली की पेटतात. म्हणजे माशी. आणि तीच माशी निपचित पडलेली असेल तर बेडकाच्या लेखी तिथे काहीच नाही, मेलेल्या माश्यांच्या ढिगाऱ्यात बसून तो उपाशी मरू शकतो. अन्न ओळखायचं काम मेंदूपर्यंत पोचायच्या आधी डोळ्यातच उरकलेलं असतं, हे कळल्यावर डोळा नुसता बघतो आणि समजतो मेंदू ही जी वाटणी आपण करतो ती मला तरी पुसट वाटायला लागली.

पण फार हलणंही चालत नाही, हे कबुतराकडे बघून कळतं. ते चालताना मान पुढेमागे करतं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात मान पुढे झेपावते आणि मग हवेत एका जागी रोखून धरली जाते, अंग मागून येऊन तिला गाठतं, की परत झेप. रोखलेल्या त्या क्षणात चित्र स्थिर असतं आणि त्यातलं बाकी काय हलतंय ते नीट दिसतं. १९७८ मध्ये बॅरी फ्रॉस्ट या संशोधकाने कबुतराला ट्रेडमिलवर चालवलं, पाय चालतायत पण आजूबाजूचं जग सरकत नाहीये, तर कबुतराने मान हलवायची बंद केली.

आता पेशीच्या पातळीवर उतरू, कारण खरी गंमत तिथे आहे. डोळ्यातली रॉड पेशी, जी अंधूक प्रकाशात काम करते, ती अंधारात शांत असेल आणि प्रकाश पडला की जागी होत असेल असं कुणालाही वाटेल. होतं नेमकं उलटं. अंधारात तिच्यातून सतत करंट वाहत असतो आणि ती पुढच्या पेशीवर सतत रसायन सोडत असते. प्रकाशाचा एक कण, एकच फोटॉन, आत येऊन तिच्यातल्या एका रेणूचा वाकडा आकार सरळ करतो, त्यातून पुढे रासायनिक साखळी सुरू होते आणि तो करंट थोडासा घटतो. हा घटलेला करंट म्हणजे प्रकाशाची बातमी. एका फोटॉनने पेशीवर परिणाम होतो हे प्रत्यक्ष मोजलं गेलंय, याहून संवेदनशील काही असूच शकत नाही, कारण प्रकाशाचा याहून छोटा तुकडाच नसतो. आणि ज्या डोळ्यात एवढी नाजूक यंत्रणा आहे तोच भर दुपारी पण वापरायचा असतो, नुसत्या ताऱ्यांचा उजेड आणि दुपारचं ऊन यात कोट्यवधी पटींचा फरक. बाहुली लहानमोठी होते ते दिसतं म्हणून सगळं श्रेय तिला मिळतं, पण तिच्याने प्रकाश पंधरा-वीस पटच कमीजास्त होतो, बाकीचं बहुतेक काम रेटिनातल्या पेशी स्वतःची पातळी बदलून करतात. अंधाऱ्या खोलीत गेल्यावर पूर्ण दिसायला लागायला अर्धा तास लागतो तो यासाठीच. म्हणून आकाश बघणारी मंडळी लाल टॉर्च वापरतात, लाल प्रकाशाचा रॉड पेशींवर फारसा परिणाम होत नाही, अर्ध्या तासाची कमाई वाया जात नाही.

कानाबद्दल मला जास्त जिव्हाळा आहे, त्यामुळे इथे थोडं सविस्तर लिहितो. कानाच्या आतल्या शंखाच्या आकाराच्या नळीत, म्हणजे कॉक्लियात, हेअर सेल असतात, एका कानात पंधरा-सोळा हजार, बस एवढेच, डोळ्यात दहा-बारा कोटी प्रकाशपेशी असतात त्यासमोर हा आकडा बघा. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर ताठ तंतूंचा झुबका असतो, तंतू उंचीप्रमाणे ओळीत लावलेले, आणि बुटक्या तंतूचं टोक शेजारच्या उंच तंतूला एका अतिसूक्ष्म धाग्याने बांधलेलं. आवाजाने आतलं द्रव हललं की झुबका कलतो, धागा ताणला जातो, आणि त्या ताणाने थेट एक आयन चॅनल, म्हणजे पेशीच्या आवरणातलं विद्युतभारित कणांना आत सोडणारं दार, उघडतं. मध्ये कुठलीही रासायनिक साखळी नाही, म्हणून कान डोळ्यापेक्षा कितीतरी चपळ आहे, सेकंदाच्या काही लाखाव्या भागात चॅनल उघडलेलं असतं. अगदी हळू आवाजात हा झुबका एका नॅनोमीटरपेक्षाही कमी हलतो तरी पेशीला कळतं.

आणि इथेही तीच गोष्ट. झुबका कलता करून तसाच धरून ठेवला, तर पेशी थोड्या वेळात धाग्याचं वरचं टोक खाली सरकवते, ताण सैल होतो, चॅनल परत मिटायला लागतं. म्हणजे कललेलं असणं हेच आता तिच्यासाठी नॉर्मल, इथून पुढे काही हललं तरच ती बोलणार. सवय होणं हे आपल्याला मनाचं काम वाटतं, पण ती सुरुवात एकेका पेशीच्या टोकावर अशी यांत्रिकपणे होते.

हेच हेअर सेल कानातल्या तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांमध्येही असतात. डोकं फिरलं की नळी फिरते, आतलं द्रव मागे राहतं, आणि त्या फरकाने झुबके कलतात. पण एकाच वेगाने गोल फिरत राहिलात तर वीस-तीस सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरायला लागतं आणि फिरण्याची जाणीवच जाते, मग थांबलात की उलट्या दिशेने फिरल्यासारखं वाटतं. लहानपणी गरगर फिरून सगळ्यांनी अनुभवलेलं असतं हे, पण ढगात शिरलेल्या पायलटसाठी हाच प्रकार जीवघेणा ठरतो. बाहेर काही दिसत नाही, विमान अगदी हळूहळू एका बाजूला वळत असतं, कान म्हणतात आपण सरळ चाललोय, आणि पायलटने वळण सरळ केलं तर कान म्हणतात आता आपण उलट्या बाजूला वळतोय, म्हणून तो परत चुकीच्या वळणात जातो. त्यामुळे पायलटला ट्रेनिंगमध्ये घोटून शिकवतात की ढगात अंगाला काय वाटतंय याच्यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही, समोरच्या डायलवर ठेवायचा.

माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना जी बारीक रेघ दिसते, लॅटरल लाइन, तिच्यातही हेच हेअर सेल आहेत, पाण्याची हालचाल टिपण्यासाठी. मेक्सिकोच्या गुहांमध्ये एक आंधळा मासा राहतो, डोळ्यांच्या जागी नुसती त्वचा, तरी तो भिंतींना धडकत नाही. कारण तो पोहताना स्वतःभोवती जो प्रवाह तयार होतो तो भिंतीजवळ दबतो, बदलतो, आणि लॅटरल लाइनला तो बदल कळतो. अट एकच, त्याने पोहत राहायला हवं. नवीन जागेत सोडला की तो जास्त वेगाने पोहतो आणि भिंतींच्या अगदी जवळून जातो, म्हणजे जग कळावं म्हणून तो बदल स्वतःच तयार करतो.

माशांचे आणि पक्ष्यांचे हेअर सेल मेले तर नवीन येतात. कोंबडीच्या कानात ते परत उगवतात हे १९८० च्या दशकात लक्षात आलं तेव्हा मोठीच खळबळ उडाली होती, कारण सस्तन प्राण्यांच्या कॉक्लियात ते येत नाहीत. आपल्याला जन्माला येताना जे पंधरा-सोळा हजार मिळाले ते शेवटपर्यंत पुरवायचे. मोठ्या आवाजाने सगळ्यात आधी उंच पट्टीचा आवाज टिपणारे जातात, आणि ते गेलेले पटकन लक्षातही येत नाही, लोक बोलतायत ते ऐकू येतं पण शब्द स्पष्ट कळत नाहीत अशी सुरुवात होते. कानात फुल व्हॉल्युमवर इअरफोन घालून तासन्‌तास बसलेली मुलं बघितली की मला फार वाईट वाटतं, मनापासून सांगतो, व्हॉल्युम कमी करा.

नाकाचं थोडक्यात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये वासाच्या रिसेप्टरची, म्हणजे नाकातल्या पेशींवरच्या वास टिपणाऱ्या रेणूंची, जनुकं शोधली, २००४ चं नोबेल त्यासाठीच, आणि माणसात असे साधारण ४०० प्रकारचे चालू रिसेप्टर आहेत, उंदरात हजाराच्या आसपास, आफ्रिकन हत्तीत दोन हजारांच्या जवळपास. खोलीत शिरताना आलेला वास काही मिनिटांत जातो हे सगळ्यांना माहीत आहे. पण पतंगाचं बघा. मादीने सोडलेल्या वासाच्या मागावर नर पतंग वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडत जातो, आणि हवेत तो वास कधीच सलग नसतो, वाऱ्याने त्याचे तुकडे झालेले असतात, आला गेला आला गेला. संशोधकांनी बंदिस्त बोगद्यात तोच वास सगळीकडे एकसारखा भरून टाकला, तर पतंगाचं पुढे जाणंच थांबलं. भरपूर वास आहे, पाहिजे तोच आहे, पण तुटक नाही म्हणून त्याचा उपयोग नाही. तोच वास तुटक तुटक सोडला की परत नीट उडायला लागला.

आता एक अडचण शिल्लक राहते. बदलच टिपायचा म्हटला तर सगळ्यात जास्त बदल आपण स्वतःच करत असतो, चालतो, बोलतो, मान वळवतो, मग बाहेरचा बदल कुठला आणि आपला कुठला हे कसं कळायचं? रातकिड्याने यावर फार सुंदर उपाय काढलाय. तो ओरडतो तेव्हा त्याच्या जवळ आवाज शंभर डेसिबलच्या घरात असतो आणि त्याचे कान असतात त्याच्याच पुढच्या पायांवर, म्हणजे स्वतःच्या आवाजानेच बहिरं व्हायची वेळ. २००६ साली पूले आणि हेडविग या संशोधकांनी दाखवलं की त्याच्या मज्जासंस्थेत एक ठराविक न्यूरॉन (चेतापेशी) आहे जो पंख घासायचा आदेश निघाला की त्याच क्षणी ऐकण्याच्या मार्गाला दाबून धरतो, फक्त त्या चिर्रपुरता, आणि मधल्या शांततेत सोडून देतो. आपलं आपल्याला गुदगुल्या करता येत नाहीत त्यामागे हेच आहे, मेंदूला आधीच माहीत असतं की हात काय करणार आहे. आणि डोळा स्वतः वळवला तर जग हलत नाही, पण पापणीवरून बोटाने डोळा हलकेच ढकलला की सगळी खोली हलते, कारण डोळ्याच्या स्नायूंना मेंदूने आदेशच दिलेला नसतो त्यामुळे आपल्या हालचालीची वजाबाकी होत नाही. बघा करून, हळू मात्र.

शार्कला वाळूत पुरून बसलेला मासा त्याच्या अंगातल्या क्षीण विजेवरून सापडतो हे काल्मिन या संशोधकाने १९७१ मध्ये सिद्ध केलं. पण शार्कच्या स्वतःच्या श्वासोच्छ्वासानेही विजेचे असेच चढउतार होत असतात, आणि त्याच्या भाईबंदांवर, स्केट माशांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की मेंदूचा एक भाग तो लयीतला गोंधळ शिकून वजा करून टाकतो. रातकिडा, शार्क, माणूस, तिघांचे पूर्वज कधीच वेगळे झालेले आणि उपाय मात्र एकाच वळणाचा.

त्वचेचंही तसंच आहे, एक हात गार पाण्यात आणि एक गरम पाण्यात ठेवून मग दोन्ही कोमट पाण्यात घातले तर एकाच पाण्याबद्दल दोन हात दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. अंगावरचे कपडे घातल्यावर क्षणभर जाणवतात, नंतर दिवसभर नाही.

याला अपवाद म्हणजे वेदना. तिची सवय होत नाही, उलट ती वाढते. त्वचेतल्या वेदनेच्या तंतूंवर टीआरपीव्ही१ नावाचं चॅनल असतं, डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने १९९७ मध्ये ते शोधलं, साधारण ४३ अंशांच्या वर ते उघडतं, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिनने पण तेच उघडतं म्हणून मिरची आणि चटका दोन्ही जळजळतात. (पक्ष्यांच्या चॅनलला कॅप्सेसिन लागू होत नाही, ते मिरच्या मजेत खातात.) जखम झाली किंवा उन्हाने त्वचा भाजली की तिथे जी रसायनं जमतात ती या चॅनलची मर्यादा खाली आणतात, मग एरवी सुखद वाटणारं कोमट पाणीही भाजतं. बाकी सगळी इंद्रियं तीच गोष्ट परत परत सांगायची बंद करतात, हे एक करत नाही, आणि करून चालणारही नाही, कारण ज्या भागाला इजा झालीये तो जपायचा असतो बरा होईपर्यंत.

जन्मतःच वेदना न जाणवणारे काही थोडे लोक जगात आहेत. त्यांचं आयुष्य सुखाचं असेल असं वाटतं पण लहानपणीच जीभ आणि ओठ चावून जखमा झालेल्या असतात, हाड मोडलेलं कळत नाही, सांधे लवकर खराब होतात कारण आपण बसल्या बसल्या, झोपेतसुद्धा, अवघडलं की जरा कूस बदलतो ना, ते त्यांच्याकडून होत नाही. २००६ मध्ये अशा काही कुटुंबांत एससीएन९ए या जनुकातला बिघाड सापडला, वेदनेच्या तंतूंना सिग्नल पुढे पाठवायला जे सोडियम चॅनल लागतं ते या जनुकावरून तयार होतं. आणि २०११ मध्ये असं दाखवलं गेलं की हा बिघाड असलेल्या लोकांना वासही येत नाही, कारण नाकातून मेंदूकडे जाणारे तंतू पुढच्या पेशीला निरोप द्यायला तेच चॅनल वापरतात.